अक्काचा दम

माझी थोरली जाऊ वेळ घड्याळात मोजत नसे, दमात मोजत असे. एक दम म्हणजे विहिरीत बुडी मारून तळाला हात लावायचा आणि वर यायचं, एवढा वेळ. "दूध ठिवलंय, चार दमात वर येईल, बघ," असं मला सांगून ती गोठ्यात जाई. बारामतीची एसटी फाट्यावर यायला अजून दहा दम आहेत म्हणून निवांत वेणी घालत बसे. लग्न होऊन मी सांगवीला आले तेव्हा माझ्या मनगटावर माहेरचं घड्याळ होतं. पहिल्याच आठवड्यात मी तिचे दम घड्याळाशी ताडून बघितले. दूध बरोबर तेवढ्याच वेळात वर आलं. मला ते आवडलं नाही.

सगळं घर तिला अक्का म्हणे, म्हणून मीही. तोंडावर 'अहो अक्का, तुम्ही', मनात मात्र 'ती'. इथंही तसंच लिहिते, कारण हे सगळं मनातलंच आहे.

आमच्या घरातली मेंढरं सासऱ्यांच्या वेळीच गेली होती. आता ऊस होता, चार जर्सी गाई होत्या. अक्काचं माहेर इंदापूरकडचं. ती चौथीपर्यंत शिकलेली, आणि ती चौथीही मेंढरांमागं हिंडत अर्धीमुर्धी झालेली. मी बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते. सासरी माझा मान होता तो त्यामुळं. खताच्या पोत्यावरचं, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं, टीव्हीच्या खोक्यावरचं काहीही इंग्रजी वाचायचं असलं की माझ्याकडं यायचं. जगाचा नकाशा मला पाठ होता. या घरातून परदेशी कुणी गेलं तर मीच जाणार, असं मी धरून चालले होते.

अक्का रोज दुपारी विहिरीत उतरे. विहीर जुनी, दगडी बांधणीची. कालव्याचं पाणी मुरून ती उन्हाळ्यातही भरलेली असे. काष्टा मारून, वरून चौथ्या पायरीवरनं ती अशी पाण्यात जाई, की आवाज होत नसे. मग पाणी स्थिर व्हायचं. मी काठावर धुणं घेऊन बसलेली असे आणि मला वाटे, आता वर येत नाही ही. ती यायची, आपल्या वेळानं. घरात भांडण लागलं की हमखास विहिरीकडं निघायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "पान्यात कोन हाक मारत न्हाय."

आजूबाजूच्या वस्त्यांवर कुणाची घागर, कुणाच्या मोटारीचा पाना, पोहऱ्याचा दोर पाण्यात गेला की अक्काला बोलावणं यायचं. ती काढून द्यायची, पण आधी त्या विहिरीचं पाणी ओंजळीनं चाखायची आणि घरच्यांच्या तोंडावर मत द्यायची. "ह्या पान्याला लोखंडाची चव हाय," किंवा "तुमच्या हिरीत कोन उतरत न्हाय वाटतं, पानी रुसल्यावानी लागतंय." गाईंशी ती अहो-जाहो बोलायची आणि नवऱ्याशी अरे-तुरे. तिचा नवरा म्हणजे माझे मोठे दीर, सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी ते कधी मनावर घेतलेलं मी पाहिलं नाही.

एकदा मात्र बोलावणं वेगळं होतं. पलीकडच्या वस्तीवरची सून सकाळपासून दिसत नव्हती आणि विहिरीच्या काठावर तिच्या चपला होत्या. अक्का गेली. पहिल्या बुडीत रिकामी आली, दुसऱ्या बुडीत तिला घेऊन आली. घरी येऊन तिनं अंघोळ केली, गाईंना वैरण टाकली आणि पुढचे आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. विहिरीत मात्र रोज जात राहिली. मला त्या वेळीही हेवा वाटला, हे सांगायला लाज वाटते. गाव तिच्याविषयी हळू आवाजात बोलत होतं. माझ्याविषयी तसं कुणी बोलावं, असं मी काही केलेलं नव्हतं.

नव्वद साल उलटून गेलं होतं. बारामती-इंदापूर भागातल्या पंधराएक ऊस बागायतदारांनी मिळून मॉरिशसला जायचं ठरवलं. तिथला ऊस बघायचा, पाण्याची तऱ्हा बघायची आणि जमलं तर समुद्रही. बायकांना न्यायचं होतं. आबा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुमी दोघं बी चला. इंग्रजी बोलाय सूनबाई पायजेच." पासपोर्ट आले. मी मॉरिशसवरचं मिळेल ते वाचून काढलं. आणि निघायला पंधरा दिवस असताना सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. दोघींतल्या एका सुनेनं घरी राहायला हवं होतं.

मी वाट बघत होते. अक्का थोरली, तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, तिला काय कळणार तिथलं. ती म्हणेल, तू जा. तिनं हातातली शेणाची पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी जानार हाय. तू ऱ्हा."

ना माफी, ना समजूत. तिला जायचं होतं आणि ती तसं म्हणाली. माझा नवरा माझ्यासाठी थांबला, त्याचंही मला काही वाटलं नाही. दहा दिवस मी सासूबाईंचं अंथरूण बदलत होते आणि मनात विमानाच्या वेळा मोजत होते.

ती परत आली आणि गप्प. बाकीच्या बायकांनी आणलेल्या वस्तू दाखवल्या, दुकानांची वर्णनं केली. आबा उसाच्या पेरांवर बोलत राहिले. अक्का चौथ्या दिवशी बोलायला लागली, तेही गोठ्यापुढं बसून दूध काढता काढता. हळूहळू तिच्याभोवती बायका जमायला लागल्या. वस्तीवरच्या, मग गावातल्या.

हॉटेल समुद्राला लागून होतं. पहिल्याच सकाळी तिनं पाहिलं, की माणसं पाठीवर नळकांडी बांधून पाण्यात जातायत आणि वर येत नाहीत. अर्धा दम, एक दम, दहा दम झाले तरी येत नाहीत. ती वाळूत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. पुरुष साखर कारखाना बघायला गेले, बायका बाजारात, ही तिथंच. शिकवणारा माणूस त्याच बेटावरचा, चाळिशीचा. त्याचे पणजोबा कधीतरी कोकणातून ऊस तोडायला तिकडं गेलेले. त्याला मराठी येत नव्हतं, आईच्या तोंडचे चार शब्द तेवढे येत होते. तो जवळ येऊन म्हणाला, "ये. बस. पानी. भिऊ नको."

"मी म्हनलं, मी कुटं भिती?" अक्का सांगायची आणि बायका हसायच्या.

आधी त्यानं तिला हॉटेलच्या तलावात उतरवलं. अंगाला काळा रबरी पोषाख. मंगळसूत्र आत गेलं, पण नाकातल्या चमकीमुळं नाकासकट झाकणारा काचेचा चष्मा नीट बसेना, पाणी शिरायला लागलं, म्हणून तिनं चमकी काढून रुमालात बांधली. रबरी पोषाखाला कुणी काही म्हटलं नाही, चमकी काढली म्हटल्यावर मात्र ऐकणाऱ्या दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. कमरेला शिशाचा पट्टा, तोंडात नळी. आणि मग त्यानं जो पहिला नियम खुणांनी समजावला, तो तिला काही केल्या पटेना. दम धरायचा नाही. पाण्याखाली श्वास घेत राहायचा, सोडत राहायचा, थांबवायचा नाही.

"जल्मभर मी दम धराय शिकली," अक्का म्हणाली, "आन ह्यो बाप्या म्हनतो धरू नगंस. मी खाली गेली की आपोआप दम धरायची. त्यो माज्या खांद्यावर टकटक करायचा. सोड म्हनून. दोन दिस माजं त्येच्याशी भांडान चाललं, मुक्यानं. तिसऱ्या दिशी सोडला. आन बाई, पान्यात माजा माला श्वास आयकू आला. येवढा मोटा, भात्यावानी."

मग समुद्रात. आबांना तेव्हा कुठं कळलं. ते किनाऱ्यावर आले, काळ्या पोषाखातल्या बायकोला बघितलं आणि समुद्राकडं पाठ करून बसले, ती वर येईपर्यंत. मासे कसे होते, म्हणून एकीनं विचारलं. अक्का म्हणाली, मेंढरांसारखे. एक वळलं की सगळी वळतात, पण राखायला कुणी नाही. मग दुधाची बादली बाजूला सरकवून ती जे बोलली, ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

"इतकी वर्सं पान्याच्या तळाला मी काय बघितलं? पडल्याली घागर, न्हायतर मेल्यालं मानूस. तितं तळाला समदं जित्तं हुतं."

 मी विचारलं, "पण अक्का, तो कोणता महासागर होता, माहीत आहे का?" मला उत्तर येत होतं, म्हणून मी विचारलं होतं. ती म्हणाली, "इचारायचं ऱ्हायलं," आणि पुढची गाय पिळायला बसली.

त्यानंतर तिनं एक नवंच सुरू केलं. पाण्याखालच्या खुणा ती घरात वापरायला लागली. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला, की सगळं ठीक. हात आडवा हलवला, की काहीतरी बिघडलंय. अंगठा वर म्हणजे आता वर चला, संपलं. एकदा गावात महिला मंडळाचा कार्यक्रम होता. तालुक्याहून आलेल्या बाईंनी भाषणात अक्काचं कौतुक केलं आणि तिच्याकडं बघून अंगठा वर केला. अक्का उठली आणि घरी निघून आली. मी मागून धावत गेले, तर म्हणाली, "तीच म्हनली की चला."

पाच-सहा महिन्यांनी पत्र आलं. परदेशी तिकिटाचं, इंग्रजीत. पोस्टमनकडून मीच घेतलं. अक्का उसाला माती लावायला गेली होती. मी उघडलं. आत एक फोटो होता. काळ्या पोषाखात, ओल्या केसांनी, कपाळावर अर्धवट उरलेल्या कुंकवाची अक्का हसत होती. ती तशी हसताना मी घरात कधी पाहिली नव्हती.

त्या शिकवणाऱ्या माणसानं लिहिलं होतं, की इतक्या वर्षांत इतकं शांत शिकणारं माणूस त्यानं पाहिलं नाही. समुद्रातल्या चारपैकी दोन बुड्या राहिल्यात, त्या झाल्याशिवाय दाखला देता येत नाही. येत्या डिसेंबरात यावं, हॉटेलात नको, त्यांच्या घरी राहावं. त्याच्या म्हाताऱ्या आईला मराठी येतं आणि बोलायला कुणी उरलेलं नाही. अक्काविषयी ऐकल्यापासून ती रोज विचारते. उत्तराची वाट बघतो.

मी फोटो माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला. संध्याकाळी अक्का पाय धुऊन आली. तिला पोस्टमन वाटेत भेटला होता.

"वाच," ती म्हणाली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

मी कागदावर नजर ठेवून वाचलं, "आमच्या इथं आल्याबद्दल आभारी आहोत. आपल्या भागातल्या लोकांनाही आमच्याबद्दल सांगावे."

"आन माजं काय लिवलंय?"

"तुमचं वेगळं काही नाही, अक्का. सगळ्यांना एकच पत्र पाठवतात ते."

तिनं कागदावरनं नजर माझ्या तोंडाकडं नेली. मग "बरं" म्हणाली आणि उठली. पत्र तिनं मागितलं नाही. मला वाटलं होतं, आता आपल्याला बरं वाटेल. त्या रात्री मी पत्रही फोटोपाशी साड्यांखाली ठेवलं, एवढंच झालं.

तीन वर्षं गेली. सासूबाई वारल्या. आबांनी ठिबक बसवलं. अक्काच्या भोवती बायका जमणं कमी झालं, आणि मी पुन्हा पोत्यांवरचं वाचायला लागले. मग एका जानेवारीत, भर दुपारी, दारात पुण्याची टॅक्सी थांबली. त्यातून एक सावळा, रुंद खांद्यांचा माणूस उतरला. तो आपल्या पूर्वजांचं गाव शोधायला कोकणात जाऊन आला होता. अक्कानं हॉटेलच्या वहीत आबांकडून लिहवून घेतलेला पत्ता कागदावर उतरवून, तो दाखवत, विचारत विचारत आमच्या वस्तीवर पोचला होता. अक्का गोठ्यातून बाहेर आली. दोघांनी एकमेकांकडं बघून अंगठा-तर्जनीचा गोल केला. मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.

ओसरीवर चटई टाकली. आबा बसले, माझा नवरा बसला, शेजारची दोन माणसं आली. आबा म्हणाले, "सूनबाई, तू हितं बस मधी. त्यो काय बोलतो त्ये सांग."

मी मध्ये बसले. प्रवास कसा झाला, गाव सापडलं का, हे सगळं मी इकडून तिकडं केलं. चहा झाला. मग त्यानं कप खाली ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, "मी पत्र लिहिलं होतं. त्यांनी उत्तर का दिलं नाही? आई दोन वर्षं वाट बघत होती. गेल्या पावसाळ्यात ती गेली."

अक्का माझ्याकडं बघत होती. "काय म्हनतोय?"

मला काहीही सांगता आलं असतं. इंग्रजी कळणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या तोंडात एक वाक्य तयारही झालं होतं, की ते म्हणतात, तुमची विहीर छान आहे. पण त्या माणसाचे डोळे भरलेले होते आणि विहिरीसाठी कुणाचे डोळे भरत नाहीत.

मी म्हणाले, "ते विचारतायत, त्यांच्या पत्राला उत्तर का दिलं नाही. त्यांनी तुम्हाला घरी राहायला बोलावलं होतं. राहिलेल्या दोन बुड्यांसाठी. त्यांच्या आईला तुमच्याशी मराठीत बोलायचं होतं. त्या वारल्या."

आबांनी मान वर केली. माझा नवरा माझ्याकडं बघत राहिला.  अक्कानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "सांग त्येला, घरात वाचनारं मानूस न्हवतं."

ते वाक्य मला इंग्रजीत सांगावं लागलं. सोपं वाक्य होतं, पाच-सहा शब्दांचं. मी ते सांगितलं. तो म्हणाला, असं होय, आणि मग माझ्याकडं बघून जरा गोंधळला, कारण मी त्याच्याशी चांगलं इंग्रजी बोलत होते. पुढं त्यानं काही विचारलं नाही.

नंतर ती त्याला विहिरीवर घेऊन गेली. आबांचा पंचा नेसून तो उतरला. दोघं एकदम खाली गेली. तो लवकर वर आला, पायरीला धरून धापा टाकत राहिला आणि पाण्याकडं बघत हसत राहिला. ती आपल्या वेळानं आली. मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते.

टॅक्सी गेल्यावर मी ट्रंक उघडली आणि पत्र आणि फोटो तिच्यापुढं नेऊन ठेवला. मी रडेन, ती ओरडेल, असं काहीतरी होईल वाटलं होतं. तिनं फोटो हातात घेतला, उजेडाकडं धरून बघितला.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" मी विचारलं.

"वाचताना तू दम धरला हुतास."

"मग तेव्हा का नाही विचारलं? दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं."

"दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचं म्हंजी तू खोटं वाचलंस, ह्ये गावाला सांगायचं. घरात दोघी आपुन." तिनं फोटो मांडीवर ठेवला. "पर त्या म्हातारीचं माला म्हाईत न्हवतं. त्ये म्हाईत आसतं तर सांगितलं आसतं गावाला."

मग ती म्हणाली, "आता वाच. समदं." मी वाचलं, एकेक ओळ मराठीत करून. इतकं शांत शिकणारं माणूस त्यानं पाहिलं नाही, हे वाक्य आलं तेव्हा तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. आणि सगळं उघड झाल्यावर, समोर ती तशी बसलेली असताना, दुसऱ्यांदा तेच वाक्य वाचतानाही मला तिचा हेवा वाटला. तो पश्चात्तापानं जात नाही. मला वाटलं होतं, जात असेल.

त्याच वर्षी डिसेंबरात राहिलेल्या बुड्यांसाठी जायचं तिनं ठरवलं. आबा म्हणाले, मी काही येत नाही पाठ करून बसायला. अक्का माझ्याकडं आली. मी भाकरीला पीठ घेत होते.

"चल तू," ती म्हणाली. "इंग्रजी बोलाय कोन तरी पायजे. तुजं बी बघनं हुईल."

इतकी वर्षं मला जे हवं होतं, ते तिनं असं सहज, चुलीपाशी उभं राहून पुढं केलं. माझा नवरा जा म्हणाला. गाईंचं तो बघणार होता. अडवणारं काहीच उरलं नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. मला सारखं तेच दिसत होतं: मी किनाऱ्यावर तिची साडी आणि रुमालात बांधलेली चमकी सांभाळत उभी आहे, आणि ती पाण्यात जातेय.

"घरात कुणीतरी राहायला हवं," मी तिला सांगितलं.

तिनं कारण विचारलं नाही. ती एकटी गेली. लागतील ती इंग्रजी वाक्यं मी तिला कागदावर मराठी अक्षरांत लिहून दिली होती, ती तिनं अडखळत पाठ केली.

महिन्यानं ती दाखला घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर बायका जमल्या, आधीपेक्षा जास्त. मी आत भाकरी थापत होते. बाहेर ती हळू आवाजात सांगत होती, दोन्ही बुड्यांचं, एकेक करून. ऐकू येऊ नये म्हणून मी भाकरी जोरात थापत होते, परातीवर हात आपटून आपटून. चौदा भाकरी झाल्या. तिचा एकही शब्द माझ्याकडून सुटला नाही.